टोक मोडून बघताना

खंडेराव मार्केटात सकाळी साडेसातला
बाई भेंडीचं टोक मोडून बघते.
कट् झालं तर किलोभर,
नाहीतर पुढची पाटी.
मोडलेली टोकं पायाशी पडत राहतात.
मी पादऱ्याच्या रस्त्यावरच्या प्लॉटवर
चौदा वर्षं तो कट् पेरतो आहे.

संध्याकाळी पाचनंतर
उद्या उमलणारी कळी बोटांनीच कळते.
चिमट्याने टोपी उतरवायची,
पुंकेसरांची नळी खरवडून काढायची,
वर कागदी पिशवी, देठाला चिठ्ठी.
चिठ्ठी पेन्सिलीने, शाई दवाने पसरते.
सकाळी आठला दुसऱ्या ओळीतलं फूल आणून
तिच्या मखमली टोकांवर टेकवायचं,
लाल दोऱ्याची गाठ मारायची.
दुपारी फूल मिटतं.
एका सकाळीचा मुहूर्त,
आणि भटजी मी, कोपरापर्यंत खाजत.

इथे हिला भिंडा म्हणतात, पुल्लिंगी.
आमच्या घरी भेंडी, स्त्रीलिंगी.
फुलात तर दोन्ही असतात
आणि मराठीत ते नपुंसक.
दिघे मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या,
त्या हंगामातलं तेवढंच हसू.

कारण हळद्या आला होता.
आधी शिरा पिवळ्या, मग पान,
मग शेंगसुद्धा पेंढ्याच्या रंगाची.
आम्ही काठाला मका लावला,
चिकट पिवळे कागद टांगले,
रोगट रोप दिसलं की उपटून पुरलं.
पांढरी माशी मक्यावर बसली, कागदावर बसली,
आणि उरलेली भेंडीवर.

रतनी राठवा छोटाउदेपूरहून मजुरीला येते.
पिवळ्या ओळीकडे बघत म्हणाली,
आमच्या कुंपणाला एक आहे,
तिला काही होत नाही.
बकरीसुद्धा तोंड लावत नाही.
सोमवारी पदराच्या गाठीत घेऊन आली,
बोटाच्या दोन पेरांएवढ्या शेंगा, नुसते काटे.

पहिली पिढी ताडमाड वाढली,
गडद हिरवी, एक पान पिवळं नाही.
आम्ही वाकून वाकून बघत होतो.
शेंगा वाळल्या, फोडल्या.
पाच खोल्या, भाडेकरू एकही नाही.
मॅडम त्या दिवशी डबा न उघडता घरी गेल्या.

पुढच्या वर्षी तीनशे बारा फुलं बांधली.
चार बिया मिळाल्या.
रात्री भिजत घातल्या, एक उंदराने नेली.
तिघींना पुन्हा बाजारच्या भेंडीशी,
त्यांच्या लेकींना पुन्हा,
दर खेपेला थोडं रान गाळत,
आणि नेमकं कुठलं रान ठेवायचं
ते कुणालाच नक्की माहीत नव्हतं.

एक मात्र कळलं मला.
एक दिवसाआड खुडत राहिलं
तर झाड देतच राहतं.
बियाण्यासाठी दोन शेंगा ठेवल्या, त्या पिकल्या,
की झाडाला वाटतं, झालं आपलं.
वरच्या कळ्या बारीक राहतात, गळतात.
म्हणून भाजीची ओळ वेगळी, बियाण्याची वेगळी.
मॅडमचं लग्नाचं वय या दोन ओळींमध्ये गेलं
असं ऑफिसात बोलतात.
मी बोलत नाही. मी पेन्सिल टोकतो.

यंदा ओळ एकतीस.
चारी बाजूंना हळद, मध्ये ती हिरवी.
वजन केलं: नेहमीच्या वाणाच्या पाऊणपट.
लव अजून टोचते.
वहीत 'उगम' असा रकाना आहे,
तिथे आजवर 'छोटाउदेपूर, कुंपण' एवढंच होतं.
काल मी पुढे 'रतनीचं' लिहिलं, पेन्सिलीने.

तिला दाखवलं, तिला वाचता येत नाही.
तिने एकतीसमधली एक शेंग तोडली,
बियाण्याची ओळ, तोडायची नसते,
मी काही म्हणालो नाही.
टोक मोडलं. वाकलं, लोंबलं, मग तुटलं.
अजून रानच आहे ही, म्हणाली,
आणि ते टोक तोंडात टाकून
पुढच्या वाफ्याकडे गेली.